मदत हवी आहे: गोडा मसाला कडवट झाला, वास न घेता भाजणीची खूण कशी ओळखायची?

नमस्कार. आमच्याकडे वर्षाचा गोडा मसाला आई करायची, चैत्र-वैशाखाच्या कडक उन्हात. यंदा पहिल्यांदाच मी केला आणि तो कडवट झालाय. आमटीत नेहमीसारखा चमचाभर घातला तरी घशाशी कडसर चव रेंगाळते. गूळ वाढवून पाहिला, आमसूल वाढवून पाहिलं, उपयोग नाही.

आईच्या वहीतलं प्रमाण असं: धने अर्धा किलो, सुकं खोबरं पाव किलो, तीळ 100 ग्रॅम, जिरं 50 ग्रॅम, शहाजिरं आणि दगडफूल दोन-दोन तोळे, लवंग, मिरी, दालचिनी, तमालपत्र, मसाला वेलची आणि खडा हिंग एकेक तोळा, नागकेशर अर्धा तोळा, हळकुंडं 3. तोळा मी 11.66 ग्रॅम धरला. (सराफाकडे आता 10 धरतात, पण वही जुनी आहे.) त्यामुळे प्रमाण चुकलं असेल असं वाटत नाही.

चुकलंय ते भाजण्यात. वहीत प्रत्येक जिन्नसापुढे एवढंच लिहिलंय, 'वास सुटेपर्यंत'. आई खरोखर वासावरच भाजायची. कढईकडे पाठ करून भाजी चिरत बसायची आणि मध्येच म्हणायची, 'धने उतरव.' गेली दोन वर्षं तिला वासच येत नाही. परवा मी भाजत होते तेव्हा ती शेजारी येऊन उभी राहिली, कढईवर वाकली, हाताने वाफ नाकाकडे ओढली आणि म्हणाली, 'तूच बघ गं.' आणि मला तर तिसऱ्या जिन्नसानंतर सगळे वास एकच वाटायला लागतात.

लोखंडी कढईत, चमचा-चमचा तेलावर सगळं वेगवेगळं भाजलं. आधी खोबरं, मग धने, मग बाकीचं, शेवटी शहाजिरं आणि दगडफूल. दगडफूल मुळातच काळपट, रंग बदललेला कळेना, म्हणून चांगलं पाच मिनिटं परतलं. कडवटपणा त्याचाच असेल का? डोळ्यांना, कानांना, बोटांना कळतील अशा खुणा कुणी सांगाल का? आणि हा किलोभर मसाला वाचेल का? जिन्नस महाग आहेत, टाकवत नाही.

प्रतिसाद 1
ताई, पाच मिनिटांत दगडफूल जळलंच असणार. ते पापुद्र्यासारखं पातळ असतं. आधी निवडून त्यातल्या काड्या, साली, खडे काढायचे. मग गॅस बंद करून तापलेल्या कढईत फक्त उलटसुलट करायचं. चिमटीत कुरकुरीत मोडलं की झालं. शहाजिरंही असंच, कढईच्या उरलेल्या धगीवर. ते करपलं की भयंकर कडू लागतं.

बाकीच्या खुणा: तीळ तडतडायला लागले की लगेच उतरवा, तडतड थांबायची वाट पाहू नका. लवंग आणि मिरी टम्म फुगते. तमालपत्र मुठीत दाबलं की चुरा होतो. खडा हिंग तेलात फुलतो, पण तो फोडून बघा. मध्ये चिकट राहिला असेल तर मंद आचेवर पुन्हा टाका. धन्यांचा एक दाणा दाताखाली धरा, कुडकन फुटला पाहिजे. खोबऱ्याचा रंग मात्र बघावाच लागतो, विटकरी झालं की बास. गोड्या मसाल्याला काळसर रंग हवा म्हणून पुष्कळजण त्यापुढे नेतात आणि तिथे फसतात.

प्रतिसाद 2
खोबरं आधी भाजलंत ना? त्याचा भुगा कढईला चिकटून राहतो आणि पुढच्या प्रत्येक जिन्नसाबरोबर जळत जातो. खोबरं सगळ्यात शेवटी घ्या, आणि दर खेपेला कढई कोरड्या फडक्याने पुसा. दळतानाही धने आणि खडा मसाला आधी, पूर्ण गार झाल्यावर. तीळ-खोबरं नंतर त्यातच थोडं थोडं घालून फिरवा. नुसतं फिरवलं तर तेल सुटून गोळा होतो.

झालेल्या मसाल्याचा कडूपणा जाणार नाही, पण पातळ करता येईल. नवा मसाला दगडफूल न घालता करा आणि तीन वाट्यांना जुना एक वाटी मिसळा. आधी एकाच वाटीवर करून बघा. जुना उरलेला फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर खोबरं खवट होईल.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. आज पाव किलो धन्यांचा घाणा केला, खोबरं शेवटी, दगडफूल वगळून. आईला स्टुलावर बसवलं आणि प्रत्येक जिन्नसाचे दोन दाणे तिच्या तळहातावर दिले. धने तिने दाताखाली फोडले आणि दोनदा 'अजून' म्हणून परत पाठवले. तिसऱ्यांदा मान हलवली. तीन-एकच्या प्रमाणात मिसळून संध्याकाळी आमटी केली, कडसरपणा अगदी पुसट राहिलाय. वहीत आता 'वास सुटेपर्यंत'च्या शेजारी तुमच्या खुणा लिहून ठेवते आहे. एक शंका उरलीच: नागकेशराची खूण कोणती? त्याबद्दल आईलाही नक्की सांगता येईना.