मदत हवी आहे: बाबांना आलेल्या समन्समधला ‘अभियोग पक्ष’ म्हणजे नेमकं कोण?

खाडीकाठ

नमस्कार. हर्णैजवळच्या गावातून लिहिते आहे. बाबांची छोटी होडी आहे. २०२३ च्या जूनमध्ये मासेमारीची बंदी लागल्यावर होडी वर ओढून शाकारली होती, तेव्हा खोपटातून दोन जाळी आणि बॅटरी चोरीला गेली. बाबांनी फिर्याद दिली. महिन्याभरात जाळी सापडली, बाबांनी ओळखली, सह्या करून घरी आणली. विषय संपला असंच आम्ही धरून चाललो होतो.

परवा पोलीस शिपाई समन्स देऊन गेले. वर ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध’ आणि जाळी चोरल्याचा आरोप असलेल्या माणसाचं नाव, खाली भा.दं.वि. (भारतीय दंड विधान) कलम ३७९, आणि मग ही ओळ: ‘अभियोग पक्षातर्फे साक्ष देणेकरिता हजर राहावे, कसूर केल्यास कायदेशीर कारवाई करण्यात येईल.’ बाबांनी चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून तीनदा वाचलं. म्हणाले, “चोरी माझ्याकडं झाली आणि अभियोग माझ्यावर?” दोन रात्री झोप नाही. शेजारच्या काकूंनी “खटला भरलाय वाटतं” म्हटल्यावर तर जेवणावरची वासनाच उडाली त्यांची.

बाबा फिर्यादी आहेत ना, मग त्यांचं नाव साक्षीदारांत का? अभियोग, खटला, फिर्याद, दावा यांत फरक काय? त्यांना समजेल अशा भाषेत कुणी सांगेल का? आणि कलमं तर म्हणे बदलली, मग जुनं कसं?

आंबोळी

ताई, आधी बाबांना एवढंच सांगा की त्यांच्यावर काहीही नाही. आरोपीला येणारं समन्स वेगळं असतं, त्यात ‘आरोपाला उत्तर देण्यासाठी’ असं म्हटलेलं असतं. इथे ‘साक्ष देणेकरिता’ हे दोन शब्द महत्त्वाचे. ते त्यांना दाखवा.

निवृत्त शिरस्तेदार

जिल्ह्यातल्या कोर्टांत बत्तीस वर्षं टेबलावर बसलो. तुमच्या बाबांसारखी माणसं दारात चप्पल काढून आत यायची आणि पहिला प्रश्न हाच विचारायची. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फिर्याद म्हणजे गाऱ्हाणं. फारसीतून आलेला शब्द आहे, मूळ अर्थ आक्रोश, दाद मागणं. ती बाबांनी दिली आणि त्यांचं काम तिथे झालं. चोरीसारखा गुन्हा हा एकट्या बाबांविरुद्धचा धरत नाहीत, तो समाजाविरुद्धचा धरतात. म्हणून तपास पोलीस करतात, दोषारोपपत्र पोलीस पाठवतात आणि आरोपीवर खटला चालवतं ते राज्य. कागदावर ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध’ आहे ते याचसाठी. गुन्हा शाबीत करण्याची जबाबदारी ज्या बाजूची, ती बाजू म्हणजे अभियोग पक्ष. कोर्टात बोलताना आम्ही ‘सरकार पक्ष’च म्हणतो. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे त्यांच्यातर्फे जे वकील उभे राहतात त्यांचं पदनाम सहायक सरकारी अभियोक्ता. अभियोग चालविणारा तो अभियोक्ता. बाबा त्या बाजूचे साक्षीदार आहेत, बहुधा पहिलेच. त्यांना वकील लावायची गरज नाही.

गोंधळ वाढतो तो वर्तमानपत्रांमुळे. ती अभियोग पक्षाला कधी ‘फिर्यादी पक्ष’ म्हणतात, आणि मग वाचणाऱ्याला वाटतं खटला फिर्यादीच लढतोय.

खटला भरतात कुणावर तरी, आणि मग तो चालवतात. शाळेच्या पुस्तकातलं वाक्य आठवा: १९०८ साली सरकारने टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला. रत्नागिरीत जन्मलेल्या माणसाचंच उदाहरण, बाबांना पटेल. दावा मात्र लावतात किंवा दाखल करतात, तोही कुणाविरुद्ध. तो दिवाणीतला: जमिनीची वाटणी, वहिवाट, पैशांची वसुली. तिथे वादी-प्रतिवादी असतात, शिक्षा नसते. आपल्याकडे भाऊबंदकीचे दावे इतके की गावात सगळ्यालाच ‘केस’ म्हणतात, आणि चोरीची केस नि बांधाची केस एकाच पंक्तीला जाऊन बसते. काकूंचा दोष नाही.

कलमाचं म्हणाल तर भारतीय दंड विधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तुमची चोरी २०२३ ची. गुन्हा घडला त्या दिवशी जो कायदा होता तोच लागतो, म्हणून ३७९.

खाडीकाठ

काका, तुमचं उत्तर बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. ‘राज्य’ या शब्दावर थांबले. म्हणाले, “म्हणजे माझ्या जाळ्यासाठी सरकार भांडतंय?” आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्या चोरीविषयी नीट बोलले.

आता दोन अडचणी. तो माणूस वाडीतलाच. त्याची आई परवा आमच्या पडवीत येऊन रडली, केस मागे घ्या म्हणाली. बाबा मऊ आहेत. त्यांना मागे घेता येते का? दुसरं म्हणजे, जाळी आणली तेव्हा ज्या कागदावर सही केली त्याला सुपुर्दनामा म्हणतात असं आज कळलं. त्यात ‘कोर्ट सांगेल तेव्हा हजर करीन’ असं लिहिलंय. एक जाळं बाबांनी गेल्या हंगामात फाटल्यावर तुणलं, निम्मं नवं आहे.

निवृत्त शिरस्तेदार

खटला राज्याचा, त्यामुळे फिर्यादीने एकट्याने ‘मागे घेतो’ म्हणून तो थांबत नाही. काही गुन्हे आपसांत मिटवण्याजोगे असतात, त्यांची यादी कायद्यात दिलेली आहे, काहींना कोर्टाची परवानगी लागते. मिटवायचं असेल तर ते कोर्टासमोर, अर्ज देऊन. पडवीत नाही. साक्षीच्या दिवशी मात्र जे घडलं तेच सांगायचं. कुणाची दया आली म्हणून “आठवत नाही” म्हणणाऱ्या माणसांचे हाल मी पाहिलेत. शपथेवर खोटं बोलणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

जाळ्याचं लपवू नका. आहे त्या स्थितीत जपून ठेवा, आता त्याला हात लावू नका. तारखेला तासभर आधी जा, अभियोक्त्यांना भेटा, तुणल्याचं सांगा. जप्तीचा पंचनामा फाइलला असतो. बाबांनी जाळं कशावरून ओळखलं होतं?

खाडीकाठ

कडेच्या दोरीवरून. प्रत्येक हातभर अंतरावर ते निळ्या सुताची दुहेरी गाठ मारतात, आजोबांनी शिकवलेली. आमच्या वाडीत तशी दुसरं कुणी मारत नाही. ती बाजू जुनीच आहे, तुणलेली नाही.

निवृत्त शिरस्तेदार

मग हेच सांगू दे त्यांना, याच शब्दांत. गाठ दाखवता येईल एवढा दोरीचा भाग वर राहील असं जाळं गुंडाळून न्या. आणि साक्षीदाराला येण्याजाण्याचा खर्च कोर्ट मंजूर करू शकतं, भत्त्याचं शिरस्तेदारांना विचारा. दिवस बुडेल म्हणून तारीख चुकवू नका, गैरहजर राहिलं तर वॉरंट निघू शकतं.

आंबोळी

माझी शंका याच धाग्यात विचारतो. आंब्याच्या व्यापाऱ्याने दिलेला चेक परत आलाय. तोही अभियोगच का?

निवृत्त शिरस्तेदार

फौजदारीच, पण तिथे पोलीस नसतात. चेकच्या कायद्यातल्या कलम १३८ खाली तुम्ही स्वतः न्यायदंडाधिकाऱ्यांकडे फिर्याद दाखल करायची, आणि ती तुम्हीच चालवायची. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे, ती पोचल्यावर समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस, तरी दिले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात कोर्टात. मुदती मोजून वागा. वेगळा धागा काढा, मेमोची तारीख लिहा.

खाडीकाठ

बाबा आज रात्री जेवले. जाळं माळ्यावरून काढून ओसरीत ठेवलंय, गाठीची बाजू वर. तारीख सोमवारी आहे. सकाळच्या पहिल्या एसटीने निघतोय.