रानटी, जंगली की वन्य?

शुष्ककाष्ठ: कोरड्या प्रदेशांतल्या फळझाडांवरचा एक लेख मराठीत आणतोय. बोर, गोरखचिंच, आफ्रिकेतला मारुला, सगळी कुणी न लावलेली झाडं. एकाच जातीच्या शेजारच्या दोन झाडांची फळंही आकाराला, गराला, आंबटपणाला वेगळी निघतात. त्याला मी 'वाणांची विविधता' लिहिलं. तपासणाऱ्याने 'वाण' खोडला. का? आणि 'रानटी फळझाडं' चालेल ना?

अनुस्वार: खोडलं ते बरोबर. वाण म्हणजे माणसाने निवडून जपलेला प्रकार. मारुल्याची नर-मादी झाडं वेगळी, त्यामुळे बियांपासूनचं प्रत्येक रोप निराळं. बोराचंही बी लावून आईसारखंच फळ येईल याची खात्री नाही, म्हणून तर डोळा भरतात, म्हणजे हव्या त्या झाडाचा डोळा रोपावर बसवून कलम करतात. यात वाण कुठला? 'झाडागणिक फरक' लिहा.

काटेसावर: 'रानटी' नको हो, ती शिवी वाटते. 'रानफळं' म्हणा.

बांधावरचा: आमच्याकडे रान म्हणजे शेत. 'रानातलं झाड' म्हटलं तर आजी विचारायची, कुणाच्या रानातलं?

अनुस्वार: अरण्य, रण्ण, रान. मूळ अर्थ जंगलच.

बांधावरचा: मूळ अर्थाने खुरपणी होत नाही.

जुनंपानं: मुळावर जायचं तर 'जंगल' बघा. आयुर्वेदातला 'जांगल' देश म्हणजे घनदाट झाडी नव्हेच. पाणथळ तो आनूप, आणि कमी पाण्याचा, विरळ झाडांचा तो जांगल. म्हणजे 'जंगली बोर' म्हणताच कोरडा प्रदेश आपोआप आला!

काटेसावर: हे वाचकाला कोण सांगणार? जंगली म्हटलं की त्याला वाघ दिसतो. 'वन्य' लिहा आणि मोकळे व्हा.

बांधावरचा: वन्य म्हटलं की मला वनखातं दिसतं.

शुष्ककाष्ठ: बरं, प्रदेशाला 'कोरडवाहू' लिहिलंय.

बांधावरचा: चूक. कोरडवाहू जमीन कसतात. जिरायतही तेच. नांगरच लागला नाही तिथे दोन्ही शब्द फुकट.

हलन्त: वाणापेक्षा मोठी गफलत पुढे होईल. फळ लहान-मोठं होण्यात माती-पाण्याचाही हात असतो. डोळ्यांना दिसतं ते सगळं 'जनुकीय' नव्हे. दोन्हींना नुसतं 'विविधता' लिहू नका. गोरखचिंचेचंच बघा. आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी लोक न फळणाऱ्या झाडाला 'नर' म्हणतात, पण फुलं तर द्विलिंगी!

काटेसावर: मग आपण त्याला 'वांझ' म्हणू.

हलन्त: तुम्ही 'रानटी'ला शिवी म्हणालात ना आत्ता?

अनुस्वार: आणि 'जनुकीय' कशाला? 'आनुवंशिक' हा आपला जुना शब्द आहे.

बांधावरचा: जुना आहे, पण तोंडात बसत नाही. 'जीन' म्हणा, सगळ्यांना कळतं.

अनुस्वार: जीन म्हणजे घोड्याचं खोगीर.

शुष्ककाष्ठ: मंडळी, लेख उद्या द्यायचाय. वाक्यात काय लिहू?

जुनंपानं: 'जांगल' लिहा. खाली टीप द्या.