शेडवर सोलर टाकलं तर युरोपचा कार्बन कर उतरेल का?

बोल्टवाला_शिरोली
शिरोली एमआयडीसीत माझं नट-बोल्टचं छोटं युनिट आहे. सात वर्षं एका जर्मन गिऱ्हाइकाला माल जातोय. आजवर तो भाव, पॅकिंग आणि तारीख एवढंच विचारायचा. जानेवारी 2026 पासून सीबॅमचे, म्हणजे युरोपात येणाऱ्या मालावरच्या या कार्बन कराचे, पैसे मोजायला सुरुवात झाली, तशी त्याची एक्सेल शीट आली: टनामागे कार्बन किती? (ते याला जकात म्हणत नाहीत. आमच्या भाषेत जकातच.) मला वाटलं, शेडवर सोलर टाकावं, आकडा खाली येईल. कोटेशन टेबलावर आहे, पोरगा म्हणतो सही करा. करू का?

कागदपत्रंवाला
थांबा दादा. वीजबिलासाठी करायचं तर खुशाल करा. पण सीबॅममध्ये लोखंड-पोलादाला विजेचा कार्बन सध्या धरतच नाहीत. सिमेंटला आणि खताला धरतात. तुमचे बोल्ट कस्टमच्या 7318 या कोडमध्ये, म्हणजे लोखंड-पोलादातच येतात. त्यांचा कार्बन जवळजवळ सगळा वायर रॉडबरोबरच, म्हणजे तुम्ही विकत घेता त्या पोलादी तारेबरोबरच, आलेला असतो. तुम्ही हेडिंग करता (ठोकून बोल्टचं डोकं काढता), आटे पाडता, ते त्यापुढं किरकोळ. झोतभट्टीत कोक जाळून केलेल्या टनभर पोलादामागं दोन टनांच्या वर कार्बन डायऑक्साइड निघतो. भंगार वितळवून केलेल्याचा आकडा कितीतरी कमी. रॉड कुठल्या मिलचा?

बोल्टवाला_शिरोली
व्यापाऱ्याकडून घेतो. मिलच्या सर्टिफिकेटवर हीट नंबर (भट्टीतल्या घाण्याचा नंबर) असतो, रसायन असतं. कार्बनचा आकडा मागितला तर हसला.

निवृत्त_खरेदीवाला
मग गिऱ्हाईक युरोपनं ठरवलेले ठोक आकडे भरणार, आणि ते चढेच असतात. कर भरायची सीबॅम सर्टिफिकेटं त्यालाच विकत घ्यावी लागतील, विक्री फेब्रुवारी 2027 पासून. पण भाव तुमचा पाडणार, हे लिहून ठेवा. आधी त्याला एक विचारा: सीबॅममध्ये बसणारा माल तो वर्षाला सगळीकडून मिळून किती आणतो? 50 टनांच्या आत असेल तर सुटला.

बोल्टवाला_शिरोली
विचारायचं काय, माझेच तीन कंटेनर म्हणजे साठ टन होतात! सोलरवाल्याला दिवाळीनंतर या म्हणून सांगितलंय. आता अडचण वेगळीच. भंगाराचा रॉड मी मागं एकदा घेतला होता. तांबं जास्त निघालं, हेडिंगला डोकी चिरली, अर्धा लॉट भंगारातच परत गेला. 8.8 ग्रेडला (जादा ताकदीच्या बोल्टला) टिकणारा तसला रॉड इथं कुणी वापरतंय का? नमुन्याला दोन कॉइल पुरेत.