रोटरी तेल पिते, पण...

वर कुणीतरी लिहिलंय, 'माझदाची रोटरी तेल खाते म्हणजे इंजिन गेलं.' तसं नाही हो. रोटरी म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारं इंजिन. रोटरच्या तिन्ही टोकांवरच्या अपेक्स सीलना (चेंबर हवाबंद ठेवणाऱ्या पट्ट्यांना) वंगण मिळावं म्हणून थोडं तेल मुद्दामच चेंबरमध्ये सोडतात, ते जळणारच. माझदाची रोटरीवाली आरएक्स-८ असेल तर दर दुसऱ्यांदा पेट्रोल भरताना डिपस्टिकवर तेलाची पातळी बघायची.

खरा घोळ वेगळा. थंड गाडी सुरू करून दोन हात मागे घेतली आणि लगेच बंद केली, की स्पार्क प्लग पेट्रोलने भिजतात आणि गाडी पुन्हा सुरू होत नाही. मग अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारा, इंधनाचा पुरवठा तुटतो.

१९६७च्या कॉस्मो स्पोर्टआधी (माझदाची पहिली रोटरी कार) याच अपेक्स सीलनी हाउसिंगवर, म्हणजे रोटरभोवतीच्या कवचावर, 'सैतानाच्या नखांचे' ओरखडे पाडून माझदाचे इंजिनिअर केनिची यामामोतोंच्या टीमला छळलं होतं. आणि पुढे १९९१ला ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकलेल्या माझदाच्या ७८७बी रेसकारमध्ये चार रोटर होते!