बीपीच्या पेशंटला कोलेस्टेरॉलची गोळी: रक्तवाहिन्यांचा कडकपणा कमी होतो का?

सिडको_सूनबाई
नमस्कार मंडळी. सासूबाई ६८ वर्षांच्या, बीपी जुनंच आहे, टेल्मिसार्टन आणि अ‍ॅम्लोडिपिन चालू आहे तरी वरचं १६०च्या आसपास राहतं आणि खालचं मात्र ७०. मागच्या आठवड्यात कॉलेज रोडला चेकअप केलं, त्यात दंडाला आणि घोट्याला पट्टे लावून रक्तवाहिन्यांची टेस्ट झाली, रिपोर्टमध्ये पल्स वेव्ह व्हेलॉसिटी (ठोक्याची लाट वाहिनीतून किती वेगाने धावते ते, वेग जास्त म्हणजे वाहिनी कडक) १६ आलीय. नेटवर वाचलं की १०च्या वर म्हणजे धोका, तेव्हापासून घरात सगळेच घाबरलेत. डॉक्टरांनी अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन १० लिहून दिली, पण आईंचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ११२ आहे, लॅबच्या कागदावर त्यापुढे काही खूण पण नाही. मग गोळी कशासाठी? त्याने वाहिन्या परत मऊ होतात का? शेजारच्या काकू म्हणतात लिव्हर खराब होतं, शुगर लागते, म्हणून आईंनी स्ट्रिप उघडलीच नाहीये.

गोदाकाठ_फिजिशियन
ताई, आधी त्या १६चं. १०ची मर्यादा आहे ती मानेपासून जांघेपर्यंत मोजतात त्या टेस्टची. दंड-घोट्याच्या मशीनवर आकडा मुळातच जास्त येतो, त्याला १०ची मर्यादा लावायचीच नाही. शिवाय त्या वेळी बीपी चढलेलं असेल तर आकडाही चढतो.

कडकपणा मात्र आहे, ते १६० आणि ७० मधल्या अंतरावरूनच दिसतंय. वयाने आणि वर्षानुवर्षांच्या बीपीने महाधमनीतले लवचिक तंतू झिजतात आणि त्यांची जागा कोलॅजन नावाचं ताठ प्रथिन घेतं. द्राक्षबागेतली ठिबकची नळी उन्हात कडक झाली की दाब झेलत नाही, तसंच, हृदयाचा प्रत्येक ठोका वाहिनीला झेलता येत नाही म्हणून वरचं वाढतं आणि खालचं उतरतं.

आता स्टॅटिनने, म्हणजे तुमच्या अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनसारख्या कोलेस्टेरॉलच्या गोळीने, हे उलटं फिरतं का? थोडंफार, आणि तेही दरवेळी नाही. २००२ साली ऑस्ट्रेलियात फक्त वरचं बीपी वाढलेल्या २२ लोकांवर एक अभ्यास झाला, तीन महिने अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन ८० देऊन, त्यात लवचिकता सुधारली आणि बीपीही जरा उतरलं. पण पेशंट २२, डोस तुमच्या आठपट. त्यावरून १० मिलीग्रॅमकडून तीच अपेक्षा ठेवू नका. वाहिन्यांवरचा ताण उतरवायला बीपी उतरवणंच मुख्य, आणि दोन गोळ्यांवर १६० राहत असेल तर तिसरी लागेल का हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. मला तर इथे हाच प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो.

मग स्टॅटिन का? हार्ट अटॅक टाळायला. अ‍ॅस्कॉट नावाच्या मोठ्या अभ्यासात (२००३) बीपीचे १०,३०५ पेशंट होते, बीपी सोडून आणखी किमान तीन धोके असलेले, आणि एकूण कोलेस्टेरॉल २५०च्या आतच. अर्ध्यांना अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन १०, अर्ध्यांना नुसती बिनऔषधाची गोळी. साधारण सव्वातीन वर्षांत अटॅक आणि हृदयविकाराचे मृत्यू मिळून औषधवाल्यांत १००, बिनऔषधाच्या गोळीवाल्यांत १५४, म्हणून अभ्यासाचा तो भाग वेळेआधीच थांबवला. म्हणजे 'नॉर्मल' कोलेस्टेरॉल असूनही फायदा झाला. सासूबाईंना शुगर, तंबाखू, किडनीचा त्रास, घरात कमी वयात अटॅक असं काय काय आहे त्यावर फायदा किती ते ठरतं.

पंचवटी_मेडिकलवाला
डॉक्टरसाहेबांनी सांगितलंच आहे, मी दुकानात रोज लागतं ते सांगतो. अ‍ॅम्लोडिपिनबरोबर सिमव्हास्टॅटिन (दुसरी एक स्टॅटिन) असेल तर २० मिलीग्रॅमच्या वर जायचं नाही, अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन १० ला ती अडचण नाही. ही रात्रीच घ्यायला हवी असंही नाही, रोज एकच वेळ ठेवा म्हणजे विसरणार नाही. खोकल्या-तापाला कुणी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं तर ही गोळी चालू आहे ते आधी सांगा, दोन्ही एकत्र झाली की स्नायूंचा त्रास वाढू शकतो. आणि प्लीज, शेजारच्यांची स्ट्रिप बघून ब्रँड किंवा डोस बदलू नका.

सातपूरकर
आमच्या वडिलांचं पण असंच होतं, वरचं जास्त खालचं कमी. घरी मशीन आणलं, सकाळी चहाच्या आधी पाच मिनिटं शांत बसवून मोजायचो आणि वहीत लिहायचो, ती वही बघूनच डॉक्टरांनी औषध बदललं. ताटातलं लोणचं-पापड बंद केलं, ते सगळ्यात अवघड गेलं. रोज संध्याकाळी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर फेऱ्या. स्टॅटिन पण चालू आहे, काही त्रास नाही. ताई, वही नक्की सुरू करा.

सिडको_सूनबाई
सगळ्यांचे मनापासून आभार. आईंना वाचून दाखवलं, गोळी घ्यायला तयार आहेत. पण त्यांचे गुडघे आधीच दुखतात, उद्या पाय दुखले तर गोळीमुळे की गुडघ्यामुळे ते कसं ओळखायचं? आणि ती पट्ट्यांची टेस्ट परत कधी करायची?

गोदाकाठ_फिजिशियन
गोळीचं दुखणं सहसा दोन्ही मांड्यांत, पोटऱ्यांत, स्नायूंत असतं, सांध्यात नाही. आज कुठे किती दुखतंय ते आत्ताच त्याच वहीत लिहून ठेवा म्हणजे नंतर तुलना करता येईल. खूप अशक्तपणा आला किंवा लघवी गडद झाली तर लगेच दाखवा. शुगर वाढण्याची शक्यता किंचित असते, म्हणून अधूनमधून तपासायची. लिव्हरची टेस्ट सुरुवातीला एकदा करून ठेवा, गंभीर त्रास क्वचितच होतो. पट्ट्यांची टेस्ट सारखी सारखी करू नका, त्याने उपचार बदलत नाहीत, ते पैसे बीपीच्या चांगल्या मशीनला घाला, दंडाला लावायचं घ्या, मनगटाचं नको.