गोव्यात गेमिंग पीसी: पहिला पैसा ग्राफिक कार्डाला की एसएमपीएसला?

चिरेबंदी (डिचोली)
भाच्याची बारावी झाली, आता त्याला गेमिंग पीसी हवाय. मॉनिटर सोडून सव्वा लाख. त्यातले निम्मे माझे, म्हणून मला मत आहे. त्याने पाठवलेली यादी: रायझन ५ ७६०० प्रोसेसर, आरटीएक्स ५०६० ग्राफिक कार्ड, डीडीआर५ रॅम १६ जीबी, १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी. इथवर माझं काही म्हणणं नाही. तळाला दोन ओळी: ‘एसएमपीएस कुठलाही. कॅबिनेट आरजीबीवालं.’ एसएमपीएस म्हणजे पीसीच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, आरजीबी म्हणजे रंगीत दिवे. मी म्हटलं, यादी खालून वर वाच. झालं, मामा जुन्या काळातले ठरले.

२०१९ मध्ये मीही अशीच यादी केली होती. निम्मे पैसे कार्डात घातले आणि एसएमपीएस कॅबिनेटबरोबर ‘फ्री’ आला. पुढच्या जूनमध्ये, पहिल्याच पावसात, एका रात्रीत तीनदा लाइट गेली आणि आली. तिसऱ्यांदा ‘फट्’ झालं आणि खोलीभर करपट मासळीसारखा वास. आई स्वयंपाकघरात धावली, तिला वाटलं बांगडा लागला. एसएमपीएस गेला तो मदरबोर्डला घेऊन गेला. कार्ड वाचलं, नशीब.

तेव्हापासून माझा क्रम ठरलाय. आधी अर्थिंग, मग चांगला एसएमपीएस आणि यूपीएस, मग जाळीचं कॅबिनेट, आणि उरेल त्यात कार्ड. मुंबई-पुण्याच्या याद्या इथे जशाच्या तशा लावू नका.

फ्रेमवेडा (मडगाव)
बाब, बांगड्याबद्दल सहानुभूती. पण एका फुकटच्या डब्याने दगा दिला म्हणून आयुष्यभर एसएमपीएसची पूजा करायची? आकडे बघू. ७६०० चा टीडीपी (कागदावरचा वीजखर्च) ६५ वॅट, बोर्डच्या सॉकेटमधून तो जास्तीत जास्त ८८ ओढतो. ५०६० घेते १४५. बोर्ड, पंखे, एसएसडी मिळून आणखी ५० धरा. तीनशेच्या आत खेळ. ५५० वॅटचा बऱ्या नावाचा एसएमपीएस घ्या आणि विषय संपवा. ७५० वॅट गोल्ड घेऊन उरलेले साडेचारशे वॅट काय चवथीच्या माटोळीला (गणपतीवरच्या फळाफुलांच्या छताला) लावणार?

गेमिंग पीसीत फ्रेम देतं ते कार्ड. बजेटचे चाळीस टक्के तिथेच जायला हवेत. माझं भांडण उलट भाच्याशी आहे: २०२६ मध्ये ८ जीबीचं कार्ड का घेतोयस? व्हॅलोरंट कशावरही पळतं, पण सायबरपंकसारखा गेम टेक्स्चर वाढवून रे ट्रेसिंगवर (खऱ्यासारख्या प्रकाश-सावल्या) लावलास की व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, भरते आणि मग चित्र अडखळतं. आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबीवालं घे. १६० वॅट, म्हणजे मामांचा जीवही भांड्यात.

चिरेबंदी
वॅटबद्दल मी बोललोच नव्हतो. ५५० चा घ्या, पण कसला ते बघून घ्या. आणि एसएमपीएसवरच्या ८० प्लस स्टिकरचं सोनं-चांदी सांगतं ते फक्त वीज किती वाया जाते. आत संरक्षण कसं आहे ते त्या स्टिकरवर लिहिलेलं नसतं.

खोडरबर (म्हापसा)
पंधरा वर्षं रिपेरिंग करतोय, म्हणून दोघांच्या मधे पडतो. पावसाळ्यात माझ्या टेबलावर येणाऱ्या पीसींपैकी निम्मे ‘डिस्प्ले येत नाही’ म्हणून येतात. बहुतेकांना मी काही विकत नाही. रॅम काढतो, पिना शाळेच्या खोडरबराने घासतो, ब्रशने चुरा झाडतो, परत लावतो. चालू. इथे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यात किनाऱ्याची खारी हवा. हा ओलावा बंद पीसीला खातो. चालू पीसी आतून बाहेरच्या हवेपेक्षा गरम असतो, तिथे दव धरत नाही. म्हणून पावसात रोज तासभर चालवा आणि कृपा करून प्लॅस्टिकची पिशवी घालून बांधून ठेवू नका. ओल आत कोंडते.

दुसरं, जुन्या कौलारू घरांतून येणारी तक्रार: ‘कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात.’ पीसी बिघडलेला नसतो, अर्थिंग नसतं. एसएमपीएसच्या तोंडाशी जो फिल्टर असतो तो थोडासा करंट बॉडीवर सोडतो, तो अर्थच्या तारेतून जमिनीत जायचा असतो. तार कुठेच जात नसेल तर बॉडी निम्म्या व्होल्टेजवर, साधारण ११५ वर, तरंगत राहते. टेस्टर लावा, पेटतो. मल्टिमीटरवर फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास दिसायला हवं. ८०-९० दिसलं तर तिसरी पिन नुसती शोभेची. आपली चिऱ्याची जमीन एप्रिल-मेमध्ये खडखडीत सुकते, तेव्हा अर्थच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं तरी फरक पडतो. सव्वा लाखाच्या यादीत ही ओळ कोणी लिहीत नाही.

आणि मागच्या स्लॉटची झाकणं काढून टाकू नका. पाल आत जाते. पुढचं सांगत नाही, लोक जेवत असतील.

तिसवाडीकर
सगळे नवीन घेण्याच्या गप्पा मारताहेत. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव कुठे पोचलेत बघितलं का? सगळी मेमरी एआयच्या डेटा सेंटरांकडे वळलीय. मायक्रॉनने तर त्या डिसेंबरात क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळायचं जाहीर केलं. चिरेबंदीबाब, तुमचा मदरबोर्ड गेला, पण २०१९ ची डीडीआर४ रॅम कुठेय? कपाटात ना? मग ती चालणारा बी५५० बोर्ड आणि आधीच्या पिढीचा रायझन ५ ५६०० प्रोसेसर घ्या, ती रॅम लावा आणि वाचलेल्या पैशात दोघांची भांडणं मिटवा. चांगलं कार्डही येईल, चांगला एसएमपीएसही.

फ्रेमवेडा
बी५५० चं एएम४ सॉकेट म्हणजे शेवटचं स्टेशन. पुढे गाडी नाही. ७६०० च्या एएम५ ला रायझनवाल्या एएमडीने २०२७ पर्यंत तरी साथ द्यायचं सांगितलंय, तीन वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलता येईल.

तिसवाडीकर
हो, आणि २०१७ च्या एएम४ बोर्डवर बायोस (बोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) बदलून २०२२ चा ५८००एक्स३डी प्रोसेसर बसला, तेही मला माहीत आहे. पण खरोखर बदलणारे किती? माझ्या ओळखीत एक. तोही दुकानदार.

एक मात्र मान्य: स्वस्तात मिळतो म्हणून बी४५० बोर्ड घेऊ नका. त्याचा कार्डाचा स्लॉट जुन्या पीसीआय एक्सप्रेस ३.० चा आणि ५०६० आठच लेन (डेटाचे रस्ते) वापरतं, तिथे मार बसतो. ९०६० एक्सटीला पूर्ण सोळा लेन असल्यामुळे त्याला ही अडचण कमी.

सत्तरीची मुलगी
एका गोष्टीवर कोणीच बोलत नाहीये. ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, ७६०० मध्ये छोटंसं आहे. गेल्या वर्षी माझं कार्ड वॉरंटीत गेलं. कुरियरने राज्याबाहेर, परत यायला बेचाळीस दिवस. तेवढे दिवस माझा पीसी म्हणजे दिवे लागणारा स्टूल होता. सबमिशन भावाच्या मोबाइलवर टाइप केलं. ७६०० असता तर मॉनिटरची केबल बोर्डला लावून निदान काम तरी झालं असतं. मोठ्या शहरात दुकानात जाऊन भांडता येतं. आपण ट्रॅकिंग नंबर बघत बसतो. ऑनलाइन घेतलं तर जीएसटी बिल आणि खोका जपा. माझ्या आईने खोका भंगारात दिला होता.

फ्रेमवेडा
ताई, हा मुद्दा मला सुचायला हवा होता. ७६०० च्या बाजूने मी इतका वेळ भलतंच भांडत होतो.

खोडरबर
यूपीएसचं राहिलं. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट. तीनशेचा पीसी आणि वर मॉनिटर लावलात तर काठावर. १००० व्हीए घ्या. स्वस्त यूपीएसचा करंट पायऱ्यापायऱ्यांचा असतो, काही एसएमपीएसना तो चालत नाही, लाइट गेली की यूपीएस असूनही पीसी बंद. दुकानात जोडून, प्लग उपटून बघा. दुकानदार तोंड वाकडं करील, करू द्या.

चिरेबंदी
काल कपाट उघडलं. ८ जीबीच्या दोन स्टिक मिळाल्या, पिनांवर काळपट थर. खोडरबरबाबांच्या विद्येने घासल्या, पिवळ्या झाल्या. शेजाऱ्याच्या पीसीवर एकेक करून मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावली. पहिली रात्रभर पास. दुसरीने पहाटे लाल ओळी टाकल्या. म्हणजे कपाटातून मिळाली एकूण ८ जीबी.

भाच्याला कळवलं. त्याचा मेसेज: ‘मग ७६०० च ना मामा?’ पाठोपाठ काचेच्या कॅबिनेटचा फोटो.

तिसवाडीकर
एक ८ ची जुनी डीडीआर४ विकत घेऊन जोडी लावा की! पणजीत मिळेल.

चिरेबंदी
कार्ड वॉरंटीत गेलं तर बेचाळीस दिवस पोरगा माझ्या लॅपटॉपवर येऊन बसेल, हे ऐकल्यापासून माझं मत ७६०० कडे झुकलंय. कार्ड ९०६० एक्सटी, १६ जीबी. रॅम तूर्त १६ चीच, पण दोन स्टिकमध्ये. एसएमपीएस ५५० चा, माझ्या पसंतीचा. वायरमन शनिवारी बहिणीकडे अर्थिंग बघायला येतोय.

फ्रेमवेडा
आणि कॅबिनेट?

चिरेबंदी
पुढून जाळीचं. बाजूला काच, आत आरजीबी. बहीण मध्ये पडली.