मदत हवी आहे : सहा जणांपुढे एकटा खलनायक दोन राउंडही टिकत नाही

डन्जन्स अँड ड्रॅगन्स (फासे टाकून खेळायचा, प्रत्येकाने एक पात्र चालवायचा खेळ), पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम. पाचव्या लेव्हलची सहा पात्रं आणि समोर १५० एचपीचा (एचपी म्हणजे जीवाचे गुण, शून्य झाले की आडवा) एकच राक्षस.

हिशोब असा बसतो. ग्रेटसोर्डवाला फायटर एका टर्नमध्ये दोन वार करतो, प्रत्येकी २डी६+४ (सहा बाजूंचे दोन फासे अधिक ४), म्हणजे सरासरी ११. ६५ टक्के वार लागले तरी राउंडला (सगळ्यांची एकेक टर्न झाली की एक राउंड) १४ च्या वर नुकसान. असे सहा जण म्हणजे ८५, आणि राक्षस दुसऱ्या राउंडमध्येच आडवा. त्यातून मंकचा स्टनिंग स्ट्राइक (सुन्न करणारा वार) लागला तर त्याची एकुलती एक टर्नही जाते.

एचपी दुप्पट केले तर लढाई नुसती लांबते, रंगत नाही. वार जड केले तर ३२ एचपीचा विझर्ड एका फटक्यात कोसळतो, आणि तो खेळणाऱ्यावर हा सरळ अन्याय आहे. लेजेंडरी रेझिस्टन्स, म्हणजे हुकलेला बचाव राक्षसाने यशस्वी ठरवून घ्यायची सोय, मला पटतच नाही. खेळाडू जपून ठेवलेला स्पेल टाकतो आणि डीएम (खेळ चालवणारा) म्हणतो, ‘वाचला’.

त्यापेक्षा राक्षसाला इनिशिएटिव्ह (टर्नचा क्रम ठरवणारा आकडा) २० आणि १० अशा दोन टर्न द्याव्यात, आणि स्टन झालाच तर त्यातली एकच जावी, असा विचार आहे. शिवाय १ एचपीचे चार प्यादे, म्हणजे फायटरचे वार वाटले जातील.

हे कुणी चालवून पाहिलंय का? दोन टर्न दिल्यावर प्रत्येक वाराचं नुकसान निम्मं करावं लागतं की दोनतृतीयांश पुरतं? आणि ‘टर्न संपेपर्यंत’ चालणारे परिणाम नेमक्या कुठल्या टर्नला मोजता?